गाण्यासाठी हेडफोन घेताय? आधी तानपुरा ऐका

माझं ऐकणं म्हणजे बहुतेक ख्याल, अभंग, नाट्यगीतं, भावगीतं. गळा पुढे आणि बाकी सगळं त्याच्या मागे. पहिला हेडफोन मी लोकांनी बेसचं केलेलं कौतुक वाचून घेतला आणि घरी विलंबित (संथ लयीतला) ख्याल लावला तर डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या आवाजाचा) इतका घुमायला लागला की गाणारी बाई शेजारच्या खोलीत बसलीय असं वाटायचं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो, डबीवरचे आकडे बाजूला ठेव आणि मागचा तानपुरा ऐकू येतो का बघ.

कारण साधं आहे. पुरुष गायक काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असेल तर त्याचा मधला सा साधारण १३९ हर्ट्झचा (सेकंदाला तेवढी कंपनं), बाई काळी पाचला गात असेल तर २३३ च्या आसपास. डग्ग्याची घुमक त्याच्या जरा खालीच असते, त्यामुळे कंपनीने बेस फुगवला की तो खाली गप्प बसत नाही, वर सांडतो आणि आवाज जाड, कोंदट होतो. आणि शब्द कळणं, गळ्याची धार, हा आवाज भीमसेनजींचा की मल्लिकार्जुन मन्सूरांचा हे एका आलापात ओळखू येणं, हे बरंचसं त्याच्या वरच्या भागात, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतं. तिथे खड्डा असला की कितीही महागडा हेडफोन घ्या, गाणारा लांबच राहतो.

आता ऐकून कसं बघायचं. फोनमध्ये तीन रेकॉर्डिंग ठेवा, तीही तुम्हाला पाठ असलेली. एक विलंबित ख्यालाची सुरुवात, जिथे नुसता तानपुरा आणि आवाज आहे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तार छेडल्यावर जो झंकार फुलत जातो तो, गाणं सुरू झाल्यावरही वेगळा ऐकू यायला हवा. सगळा मिळून एक गुणगुणाट झाला तर तो हेडफोन ठेवून द्या. दुसरा टाळ-पखवाज असलेला अभंग, आणि त्यात 'स', 'श', 'च' कडे लक्ष द्या, ते कानात टोचत असतील किंवा टाळ काचेसारखे वाजत असतील तर ५ ते ८ किलोहर्ट्झचा भाग जास्त चढवलेला आहे, दहा मिनिटं छान वाटेल पण तासाभराने डोकं धरेल. तिसरं संवादिनीच्या साथीचं काहीतरी, कारण पेटी आणि गळा एकाच पट्टीत असतात, आणि दोघं वेगवेगळे ऐकू आले तर हेडफोन चांगलाच आहे.

एक गोष्ट मात्र नक्की करा, दोन हेडफोन लावून बघताना दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. जो जरा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, माझीही ह्यात फसगत झालीय.

ओपन बॅक (कप मागून उघडे, जाळीदार) की क्लोज्ड (मागून बंद)? घरी शांत खोलीत ऐकणार असाल तर डोळे झाकून ओपन घ्या, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, समोर बैठक बसल्यासारखं वाटतं. पण तो बाहेरही ऐकू जातो आणि बाहेरचं आत येतं, म्हणून लोकलमध्ये किंवा ऑफिसात क्लोज्डच हवा. ओपनमध्ये सेनहायझरचे एचडी ५९९ आणि एचडी ५६०एस, क्लोज्डमध्ये ऑडिओ टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स, हे तिन्ही मिळाले तर ऐकून बघा. गळ्यासाठी ज्याचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं तो एचडी ६०० मात्र ३०० ओमचा आहे, म्हणजे त्याला वाजवायला जास्त जोर लागतो, फोनला थेट लावला तर जीव नसल्यासारखा वाजतो, त्याला वेगळा ॲम्प (हेडफोनला जोर देणारं यंत्र) लागतो आणि मग बजेट हाताबाहेर जातं. ५९९ आहे ५० ओमचा, एम४०एक्स ३५ चा, हे फोनवर किंवा साध्या डाँगलवर (फोन आणि हेडफोनच्या मधे लावायचा छोटा जोड) आरामात चालतात.

वायरलेसला माझा विरोध नाही पण त्याच पैशात बॅटरी, माईक, नॉइज कॅन्सलिंग सगळं बसवायचं असतं, त्यामुळे नुसतं गाणंच ऐकायचं असेल तर वायरवालाच घ्या.

आणि डोक्यावर किमान वीस मिनिटं ठेवून बघा, चष्मा असेल तर चष्म्यासकट. एक राग पाऊण तास चालतो आणि मधेच कान दुखायला लागले तर द्रुत (जलद लय) येईपर्यंत हेडफोन टेबलावर असतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रेक्झिनच्या गाद्यांना घाम येतो, पुढे त्यांची सालं निघतात, म्हणून मखमली गादी असलेला मिळाला तर बरा, नाहीतर वेगळ्या गाद्या मिळतात का ते घ्यायच्या आधीच विचारा.

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. अब्दुल करीम खाँसाहेब किंवा हिराबाई बडोदेकर ऐकताना फार लखलखीत हेडफोन खरखरच पुढे आणतो, तिथे वरचा भाग जरा मवाळ असलेलाच बरा. हेडफोन आधीच घेतला असेल तर इक्वलायझरमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमीजास्त करायची सोय) ६ किलोहर्ट्झच्या वरचं तीन-चार डेसिबल उतरवा, खरखर मागे जाते आणि गळा तसाच राहतो.