एमाकी शिकायचंय? मग आधी दरबाराचं कॅलेंडर पाठ करा

पुण्यात जपानी शिकणारी मुलं अधूनमधून विचारतात की ताई, मला एमाकीवर, म्हणजे त्या लांबलचक गुंडाळीचित्रांवर पुढे अभ्यास करायचाय, सुरुवात कुठून करू, तर एकदाच लिहून टाकते. बहुतेक जण गेंजीच्या, म्हणजे 'गेंजी मोनोगातारी' या जुन्या जपानी कादंबरीवरच्या पटापासून सुरू करतात, आहेच तो देखणा, पण मी म्हणेन 'नेंज्यू ग्योजी एमाकी' घ्या. जपानी राजदरबाराचे वर्षभराचे सगळे समारंभ आहेत त्यात. बाराव्या शतकात निवृत्त सम्राट गो-शिराकावाने करून घेतले, साठेक पट होते म्हणतात. मूळचे सतराव्या शतकात राजवाड्याच्या आगीत गेले. आपण बघतो त्या सुमियोशी जोकेई वगैरे चित्रकारांनी काढलेल्या नकला, काही रंगीत, काहींत नुसत्या रेषा.

आणि एक सांगते, फार भारी गोष्ट आहे. पट तयार झाल्यावर गो-शिराकावाने ते फुजिवारा मोतोफुसाला दाखवले, हा माणूस दरबारी रीतींचा पक्का जाणकार, त्याने जिथे जिथे चूक दिसली तिथे चिठ्ठी चिकटवून परत पाठवलं. सम्राटाने चित्र दुरुस्त केलंच नाही, चिठ्ठ्यांसकट पट खजिन्यात ठेवून दिले! तेराव्या शतकातल्या एका कथासंग्रहात आहे हे. म्हणजे कोण कुठे बसतो, कुणाच्या अंगावर कुठला पोशाख, हे त्या काळच्या माणसालाही तपासावंसं वाटायचं. म्हणून म्हणते, ब्रशवर्क नंतर, आधी दरबारातली पदं, टोप्या, पोशाख शिका.

भाषेचं म्हणाल तर एन-टू, म्हणजे जपानीच्या परीक्षेची ती वरची पातळी, पास होऊन भागत नाही. जुनं व्याकरण लागतं, दरबाऱ्यांच्या डायऱ्या चिनी धर्तीच्या कानबुनमध्ये आहेत तेही लागतं, शिवाय कुझुशिजी, ती घसरत्या वळणाची अक्षरं. ती वाचायला 'मिवो' नावाचं फुकट अ‍ॅप आहे, चुका करतं पण हात धरून चालवतं.

बघताना उजवीकडून डावीकडे, एका वेळी हातभर भागच, पूर्ण पट स्क्रीनवर पसरून बघाल तर मजा गेली. आणि सम्राटाला सोडा, कडेला बघा, लग्नाच्या व्हिडिओत आपण मांडवातली माणसं शोधतो ना तसं. कोंबड्यांच्या झुंजीचं दृश्य आहे त्यापासून सुरू करा, कंटाळा येणारच नाही.

खरे जुने पट बघायला नागोयाच्या तोकुगावा म्युझियममध्ये जाणार असाल (गेंजीचे तिथे आहेत) तर आधी वेबसाइटवर तारखा बघून मगच तिकीट काढा, कारण रंग उडू नयेत म्हणून ते थोडेच दिवस बाहेर काढतात.