शस्त्रक्रियेची प्रतवारी: नुसतं ‘मेजर’ लिहून भागत नाही

ऑपरेशन किती मोठं, रुग्णाला ते किती झेपेल, हाताशी वेळ किती आणि जखम किती स्वच्छ, हे चार वेगळे प्रश्न आहेत. केसपेपरवर त्यांना चार वेगळे रकाने द्या.

आधी ऑपरेशन. कोणती पोकळी उघडणार, किती कापाकापी होणार, रक्त किती जाईल, हे बघा. त्वचेवरची गाठ काढणं लहान. जांघेतला हर्निया, टॉन्सिल, गुडघ्याची आर्थ्रोस्कोपी (सांध्यात दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन) मध्यम. गर्भाशय किंवा थायरॉइड काढणं, सांधा बदलणं, मोठ्या आतड्याचा भाग काढणं मोठं. टाके मोजून प्रत ठरवू नका. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना छिद्रं तीन-चारच असतात, पण पोटात पाऱ्याच्या साधारण १२ ते १५ मिलिमीटर दाबाने कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो ताण हृदयाला आणि फुफ्फुसांना सोसावा लागतो.

रुग्णासाठी एएसए श्रेणी (अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेची, प्रकृती मोजणारी) वापरा. निरोगी माणूस १, आटोक्यातला मधुमेह किंवा रक्तदाब २, आटोक्याबाहेरचा मधुमेह ३, जिवाला सतत धोका असलेला आजार ४, ऑपरेशनशिवाय वाचण्याची आशा नसलेला ५, मेंदूमृत अवयवदाता ६. तातडीचं असेल तर पुढे ‘ई’. हा आकडा भूलतज्ज्ञाने रुग्ण तपासूनच द्यावा. जुन्या फायलीतून उतरवला की घोटाळा होतो: मध्यंतरी हार्ट अटॅक आला असेल आणि त्याला तीन महिनेही झाले नसतील, तर २ चे ४ होतात. उलट, श्रेणी ३ आहे म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन मोठं होत नाही.

जखमेचे वर्ग चार: स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित, संसर्गित. आता हर्नियाच घ्या. ठरवून केला तर मध्यम, जखम स्वच्छ. तोच अडकला, आतडं काळं पडलं आणि तुकडा काढावा लागला, तर ऑपरेशन मोठं, काही तासांतच करायचं, आणि जखम निदान दूषित वर्गात. आतडं आधीच फुटून पोटात विष्ठा पसरली असेल तर थेट चौथा, संसर्गित वर्ग.

म्हणूनच जखमेचा वर्ग ऑपरेशन संपताना सर्जनने सांगायचा. ऑपरेशन थिएटरच्या आधीच केलेल्या यादीतलं ‘स्वच्छ’ रजिस्टरमध्ये तसंच राहिलं, तर पुढे पू झालेली ही जखम स्वच्छ ऑपरेशनांच्या खात्यावर पडते आणि वॉर्डात नसलेला दोष शोधण्यात महिना जातो.