बीपीची ॲम्लोडिपिन चालू झालीय? मग ती नीट कशी घ्यायची ते वाचा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर सारखं कुणीतरी नवी चिठ्ठी घेऊन येतं, बीपीची पहिलीच गोळी, आणि पैसे देता देता हळूच विचारतं, "ही आता जन्मभर काय ओ?" त्याचं उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं, पण गोळी घ्यायची कशी हे सांगायला गर्दीच्या ओपीडीत कुणाला वेळ नसतोय, म्हणून हे लिहितोय.

१. आधी स्ट्रिप वाचा

कंपनीचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतंय ते बघा. ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन ही एका घरातली भावंडं, रक्तवाहिन्या सैल करणारी. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल त्याच कुळातली पण ती हृदयाचे ठोकेपण कमी करतात, त्यामुळं आधीच मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल, म्हणजे ठोके कमी करणारीच गोळी, चालू असेल तर डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय ही दोन घ्यायचीच नाहीत.

स्ट्रिप का वाचायची, तर एका डॉक्टरांनी एका कंपनीची दिली, दुसऱ्यांनी दुसऱ्या कंपनीची, आणि आबा दोन्ही घेतायत! नावं वेगळी, आत औषध एकच. टेल्मिसार्टन या बीपीच्या दुसऱ्या औषधाबरोबरच्या जोडगोळीतपण बऱ्याचदा ॲम्लोडिपिन असतीच. अजून एक, एस-ॲम्लोडिपिन म्हणून मिळते तिची २.५ मिलिग्रॅम म्हणजे साध्या ॲम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमएवढीच, त्यामुळं आकडा लहान दिसला म्हणून दोन घेऊ नका.

२. कॅल्शियमची भीती काढून टाका

"कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर" हे या गोळ्यांच्या कुळाचं नाव वाचलं की काकी दूध बंद करतात, नाहीतर हाडं ठिसूळ होतील म्हणून गोळीच बंद. तसं काही नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात, त्यांच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, ही गोळी ते शिरणं कमी करते, वाहिनी सैल पडते, बीपी उतरतो. हाडातलं कॅल्शियम तिथंच राहतंय. दूध, दही खुशाल घ्या.

३. वेळ एकच ठेवा

जेवणाआधी का नंतर, ॲम्लोडिपिनला फरक पडत नाही, फक्त रोज एकाच वेळी घ्या. चहाच्या डब्याजवळ स्ट्रिप ठेवलेली बरी. विसरला तर आठवल्यावर घ्या, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नको. निफेडिपिनची हळूहळू सुटणारी गोळी असेल तर ती चावायची नाही, कुटायची नाही, अख्खी गिळायची.

४. दोन आठवडे दम धरा

ॲम्लोडिपिन शरीरात हळू साठते, आठवडाभरात तिची पातळी स्थिर होते आणि पूर्ण असर दिसायला अजून थोडे दिवस जातात. तिसऱ्या दिवशी बीपी बघून "काय उपयोग नाही" म्हणायचं नाही. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या पातळीवर, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, आणि रंकाळ्याला चालून आल्या आल्या तर मुळीच नाही. दोनदा मोजून वहीत लिहा. घरचा आकडा १३५/८५ च्या खाली राहिला तर साधारण बरं, तुमचा नेमका आकडा किती पाहिजे ते डॉक्टर सांगतील. आणि आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करायची नाही, तो गोळीमुळंच चांगला आलाय.

५. पाय सुजले तर

सगळ्यात जास्त गोळ्या इथं बंद होतात. संध्याकाळी घोट्याजवळ सूज, मोज्याचा वळ, चप्पल घट्ट, आणि घरात रडारड की किडनी गेली. बहुतेक वेळा किडनीचा संबंध नसतो. गोळीनं धमन्या मोकळ्या होतात पण शिरा तेवढ्या होत नाहीत, म्हणजे नळ मोठा सोडला आणि मोरीचं भोक तेवढंच, मग पाणी बाजूच्या मांसात झिरपतंय. त्यामुळंच लघवी वाढवणाऱ्या गोळीनं ही सूज फारशी उतरत नाही, ती आपल्या मनानं मागायला येऊ नका. १० मिलिग्रॅमवर हा त्रास जास्त दिसतो, ५ वर कमी. डॉक्टरांकडं उपाय आहेत, डोस कमी करतात, टेल्मिसार्टनसारखं औषध जोडतात किंवा सिल्निडिपिन देतात, तिच्यात सूज कमी येते. पण एकच पाय सुजला आणि दुखतोय, किंवा सुजेबरोबर धाप लागतीय, तर त्याच दिवशी दाखवा.

सुरवातीला तोंड तापल्यासारखं होणं, डोकं दुखणं चालतंय, थोड्या दिवसात जातं. हिरड्या फुगल्या तर दातांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. व्हेरापामिलनं पोट लई घट्ट होतं, म्हणजे बद्धकोष्ठ.

६. बाकीची औषधं आणि ताट

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक सारखी मागून घेता ना, ती बीपी वर चढवते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक उलट तुमच्या बीपीच्या गोळीचा असर वाढवतं, बीपी फार खाली जाऊ शकतो. निफेडिपिनवाल्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं, पपनस त्याच्याच नात्यातलं, तेपण नको.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचा. तांबडा-पांढरा बंद करा असं मी कोल्हापुरात राहून म्हणणार नाही, पण वाट्यावर वाट्या ओरपू नका, आणि खर्डा, लोणचं, पापड एका ताटात नको.

७. पळायचं कधी

छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, चक्कर येऊन पडणं, अशा वेळी १०८ लावा. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली घालायचा जुना प्रकार अजून काही घरात चालतोय, तो करू नका, बीपी एकदम कोसळून झटका येऊ शकतो.

पुढच्या तपासणीला वही आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिकसकट. नवीन गोळी लिहिली तर जुनी चालू ठेवायची का बंद, हे विचारल्याशिवाय खुर्चीवरनं उठू नका.