गप्प झालेलं मूल: गावच्या दोनशिक्षकी शाळेत मुलांचं मन कसं जपावं

खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत समुपदेशक नसतो. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक, खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि मतदारयादीपासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंतची कामं. त्यात मुलांच्या मनाकडेही बघा म्हटलं की शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते, आणि ते साहजिक आहे. खाली जे सांगितलंय त्याला रोजची पाच-दहा मिनिटं आणि एक वही पुरते.

१. मूल एरवी कसं असतं ते लिहून ठेवा

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहा: कोणाशेजारी बसतं, खिचडी किती खातं, सुटीत काय खेळतं, घरी कोण कोण आहे. पुढे तुलना करायची ती मुलाची त्याच्याशीच. मुळातच अबोल असलेली पोरगी मजेत असू शकते. पण सगळ्यांच्या आधी हात वर करणारा पोरगा दोन आठवडे पाटीवर रेघोट्या मारत बसला, तर नाव लिहा आणि तारीख टाका.

दंगा करणारं मूल सगळ्यांना दिसतं. मिटून गेलेलं दिसत नाही. उलट ‘आता शहाणं झालं’ म्हणून त्याचं कौतुक होतं. माझ्या मते शाळेत सर्वांत जास्त निसटतात ती हीच मुलं. खिचडीच्या ताईंना विचारत जा, ताट अर्धं कोण ठेवतं हे त्यांना आपल्याआधी कळतं.

वही कपाटात, कुलपात ठेवा. गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

२. आधी शरीर तपासून घ्या

लक्ष नाही, चिडचिड आहे, पेंगतंय, तर कारण अशक्तपणा, जंत, कमी दिसणं किंवा कमी ऐकू येणं हेही असू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी वहीतली नावं डॉक्टरांसमोर ठेवा. झोपेचंही विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत माय पहाटेच निघते आणि धाकट्याला सांभाळणं आठ वर्षांच्या पोरीवर येतं.

शाळेच्या दिवशी सकाळी दुखणारं पोट रविवारी दुखत नाही, म्हणून ते नाटक ठरत नाही. भीतीनं पोट खरंच दुखतं.

३. दिवसाची घडी मोडू देऊ नका

दारात नावानं हाक, ठरलेल्या वेळी परिपाठ, ठरलेली जागा. ज्याच्या घरी रोज काही तरी वेगळंच घडतं, त्याला याचा आधार वाटतो. छडी आणि ‘ढ’ ही पदवी दोन्ही बंद. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

४. बोलतं करा, चौकशी करू नका

ऑफिसात बोलावून समोर उभं केलं की मूल ‘काही नाही सर’ एवढंच म्हणेल. झाडांना पाणी घालताना, फळा पुसताना, शेजारी शेजारी काम करताना बोलणं निघतं. ‘काहून रे, दोन दिवसांपासून खेळायला नाही गेला?’ एवढं पुरे. मग थांबा. उत्तर आलं नाही तर उद्या पुन्हा पाणी घालायला न्या.

त्यानं काही सांगितलंच, तर ‘रडू नको, मोठा झाला ना तू’ म्हणू नका. ‘हे सोपं नाही, मला सांगितलंस ते बरं केलं’ असं म्हणा. ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. मारहाण किंवा नको तो स्पर्श असेल तर सांगावंच लागतं.

मेळघाटात कोरकू, यवतमाळकडे कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या घरातलं मूल पहिलीत गप्प असेल, तर आधी भाषेचा विचार करा. त्याच्या बोलीतले दहा शब्द शिकून घ्या.

५. घरात कर्ता माणूस गेला असेल तर

शेतकरी आत्महत्यांचा विषय आपल्याकडे मोठ्यांच्या चर्चेत असतो आणि घरातलं मूल तिथेच कोपऱ्यात बसून सगळं ऐकत असतं. ‘बाबा गावाला गेले’, ‘झोपले’ असं सांगू नये. लहान मूल वाट बघत राहतं, नाहीतर झोपायला घाबरतं. ‘बाबा वारले, आता परत येणार नाहीत’ हे स्पष्ट शब्दांत, शक्यतो घरच्याच माणसानं सांगावं. त्यानं विचारलं तर जेवढं विचारलं तेवढं खरं सांगावं; कसं, कुठे याचा तपशील नको.

‘मी वहीसाठी पैसे मागितले म्हणून झालं का?’ असं काही तरी या वयातल्या मुलाच्या मनात असतं, पण ते तोंडावर येत नाही. म्हणून त्यानं न विचारताही, एकापेक्षा जास्त वेळा सांगा: यात तुझी काही चूक नाही.

मूल शाळेत येण्याआधी वर्गाशी बोलून घ्या. कोणी खोदून विचारायचं नाही, खेळायला घ्यायचं. आल्यावर गृहपाठात सवलत द्या, पण त्याच्या वाट्याचं काम काढून घेऊ नका. आणि तारखा लक्षात ठेवा. तान्ह्या पोळ्याला बापाविना लाकडी नंदी सजवणाऱ्या पोराबरोबर मामा, शेजारी, कोणी तरी असायला हवं. ‘आता घरचा कर्ता तूच’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मात्र बाजूला नेऊन समजवा.

आईला बालसंगोपन योजनेची माहिती द्या. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी तीत दरमहा आर्थिक मदत असते. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावी.

६. पालकांना त्यांच्या वेळेला भेटा

सोयाबीनच्या सोंगणीत सकाळी अकराची पालकसभा ठेवली तर कोणी येणार नाही. संध्याकाळी घरी जा, तक्रारीआधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगा. ‘तुमच्या पोराला मानसिक प्रॉब्लेम आहे’ हे वाक्य नकोच. जे दिसलं तेच सांगा.

७. पुढे कोणाकडे न्यायचं

बदल दोन-तीन आठवडे टिकला, मूल शाळेला यायला तयारच नाही, किंवा पुन्हा अंथरूण ओलं होतंय, तर आशाताईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवता येतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, शिक्षकानं किंवा पालकानंही फोन करावा. ‘मला जगायचं नाही’ असं मूल म्हणालं तर वाट बघू नका: त्याच दिवशी पालकांना सांगा, मुलाला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लावा, डॉक्टरकडे न्या. अत्याचाराचा संशय असेल तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ किंवा पोलीस. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे.

बदली झाली तर वही नव्या शिक्षकाच्या हाती नुसती ठेवू नका. ज्या दोन-चार मुलांकडे लक्ष हवंय त्यांच्याबद्दल समोर बसून सांगा, आणि बाकीची पानं फाडून टाका.