फिगर किती दुर्मिळ, हे विक्रेत्याला विचारू नका

"रेअर आहे मॅडम, परत मिळणार नाही." हे वाक्य मी अशा एका फिगरबद्दल, म्हणजे संग्रहासाठी घेतात तशा छोट्या खेळण्यातल्या पुतळ्याबद्दल ऐकलंय, जिचे आणखी चार नग त्याच स्टॉलखालच्या क्रेटमधून डोकावत होते. 'रेअर', 'सुपर रेअर', 'अल्ट्रा रेअर' या शब्दांना बाजारात काहीच वजन उरलेलं नाही. दुर्मिळतेची पायरी आपली आपण लावायची. पंधरा वर्षं गोळा करते आहे, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त पैसे मी याच ठिकाणी घालवलेत.

फिगर कोणती, कुठल्या मालिकेतली, एवढं तुम्हाला ओळखता येतं असं धरून चालते. फक्त पाठीवर कोरलेल्या सालावर जाऊ नका. ते बहुधा साच्याचं किंवा कॉपीराइटचं साल असतं, त्या नगाच्या उत्पादनाचं नव्हे. आपल्याकडे फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने हॅसब्रो या अमेरिकन कंपनीच्या जुन्या साच्यांतून जी. आय. जो हे छोटे सैनिक काढले. त्यामुळे १९८५ कोरलेला सैनिक नव्वदच्या दशकात भारतात तयार झालेला असू शकतो.

छापील गुणोत्तर: इथेच सगळे फसतात

ब्लाइंड बॉक्सवर, म्हणजे आत कोणती फिगर आहे ते उघडेपर्यंत न कळणाऱ्या खोक्यावर, १/१२, १/२४, १/७२ असं छापलेलं असतं. खालचा आकडा मोठा म्हणजे फिगर दुर्मिळ, एवढंच डोक्यात ठेवून लोक पाकीट उघडतात. थांबा. पहिलं काम म्हणजे त्या अपूर्णांकाचं केसमध्ये रूपांतर करायचं. केस म्हणजे दुकानात अशी खोकी भरून येणारा मोठा खोका. फंको कंपनीच्या 'मिस्टरी मिनीज' या फिगरच्या एका केसमध्ये १२ खोकी येतात. म्हणजे १/६ वाली फिगर प्रत्येक केसमध्ये सरासरी दोन, १/१२ वाली एक, १/२४ वाली दोन केसमध्ये एक आणि १/७२ वाली सहा केसमध्ये एक. पॉप मार्ट या चिनी कंपनीच्या लबुबू बाहुलीच्या लटकन मालिकांत सेट सहाचा आणि सीक्रेट, म्हणजे मालिकेतली छुपी फिगर, १/७२. म्हणजे सरासरी बारा सेटमागे एक.

सरासरी म्हणाले, हमी नाही. "७२ खोकी घेतली की एक सीक्रेट पक्की" हा हिशेब मी स्वतः करून बसले होते. वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटी ७२ खोकी घेतलीत तर निदान एक सीक्रेट मिळण्याची शक्यता साधारण ६३ टक्के येते. ७१/७२ ला स्वतःशीच ७२ वेळा गुणा आणि उत्तर १ मधून वजा करा, कळेल. तेवढा खर्च करूनही शंभरातल्या सदतीस जणांना सीक्रेटचं तोंड दिसणार नाही. आणि दुकानातला केस आधीच फोडलेला असेल तर हे गणितही विसरा. सीक्रेट आधीच कुणी नेली असेल तर उरलेल्या खोक्यांतली शक्यता शून्य, छापलेलं काहीही असो. वजनकाट्यावर खोकी तोलणारे आणि कानाशी धरून हलवणारे महाभाग सगळीकडे आहेत. फोडलेल्या केसमधली उरलीसुरली खोकी मी घेत नाही. तुम्हीही घेऊ नका.

बेअरब्रिक (BE@RBRICK) या जपानी अस्वल-फिगरवाले अपूर्णांकाऐवजी टक्केवारी छापतात, आणि ती टक्केवारी विचित्र दिसते: १४.५८, ११.४५, ८.३३. हे आकडे ९६ च्या हिशेबाने मोजा, म्हणजे उलगडतात. ९६ पैकी १४, ९६ पैकी ११, ९६ पैकी ८. आता गंमत बघा. सगळ्यात जास्त टक्के 'बेसिक' प्रकाराला, म्हणून लोक त्याला 'कॉमन' म्हणून बाजूला टाकतात. पण बेसिकमध्ये नावातल्या नऊ अक्षरांचे नऊ नग असतात. १४.५८ ला नऊने भागा, नावात एकदाच येणाऱ्या एका ठरावीक अक्षराच्या वाट्याला जेमतेम १.६ टक्के येतात. 'अॅनिमल'च्या ८.३३ टक्क्यांत एकच फिगर असेल, तर ते एक अक्षर तिच्यापेक्षा पाचपट कठीण. गटाची टक्केवारी आणि नगाची टक्केवारी यांत गल्लत करू नका.

इथवर गणित झालं. माझी खरी ठेच याच्या पुढची.

गुणोत्तर हा वाटा आहे, संख्या नव्हे. लेगोने २०१३ साली दहाव्या मिनिफिगर मालिकेत 'मिस्टर गोल्ड' टाकला आणि जगभरात फक्त ५,००० नग असल्याचं जाहीर केलं. ही झाली संख्या. पण १/७२ म्हटल्यावर ७२ खोक्यांत एक, एवढंच कळतं. एकूण खोकी किती, ते कळत नाही. समजा एका मालिकेची दहा लाख खोकी निघाली. तिच्या सीक्रेटचे नग झाले जवळपास १३,९००. दुसऱ्या मालिकेची निघाली फक्त वीस हजार, त्यात सारख्या वाट्याच्या सहा फिगर. तिच्या प्रत्येक *साध्या* फिगरचे नग झाले साधारण ३,३००. म्हणजे छोट्या मालिकेतली साधी फिगर मोठ्या मालिकेतल्या सीक्रेटपेक्षा चौपट दुर्मिळ.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी एका छोट्या मालिकेतली साधी फिगर दिली, वर पंधराशे रुपये मोजले आणि एका गाजलेल्या मालिकेतली सीक्रेट घेऊन नाचत घरी आले. ती सीक्रेट आजही दर आठवड्याला कुणीतरी विकायला काढतं. दिलेली साधी फिगर त्यानंतर चार वर्षांत मला दोनदा दिसली. दोन्ही वेळा मी पोचेपर्यंत गेलेली होती. तेव्हापासून माझा नियम: दोन वेगळ्या मालिकांमधली गुणोत्तरं एकमेकांशेजारी मांडायची नाहीत. एकाच मालिकेच्या आत ती कामाची, बाहेर निरुपयोगी.

छापील आकडाच नसेल तर

जुन्या खेळण्यांवर असलं काही नसतं. ती दुर्मिळ करायची म्हणून कुणी दुर्मिळ केलेली नाहीत. केनर या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये 'स्टार वॉर्स' सिनेमातल्या जावा या पात्राची फिगर आधी प्लास्टिकच्या पातळ अंगरख्यात काढली आणि लवकरच तिला कापडी अंगरखा दिला. आधीचे थोडे नग आज भाव खातात. त्याच सिनेमातल्या ओबी-वान केनोबीच्या फिगरचा प्लास्टिकचा अंगरखा कापून जावाला चढवणारे ठगही त्यामुळेच निघाले.

इथे मोजायचं ते काय टिकलं. जी. आय. जो एरवी दुर्मिळ नाही, शाबूत जी. आय. जो दुर्मिळ आहे. हातात बंदूक कोंबताना अंगठा तुटतो. आतली रबरी रिंग वाळून तुटली की कंबरेपासून दोन तुकडे. दादाच्या डब्यातून मला अकरा सैनिक मिळाले. अंगठे शाबूत असलेले चार, आणि स्वतःची बंदूक असलेला एक. पुण्याच्या जुन्या बाजारात धडं मिळायची, शस्त्रं क्वचित. म्हणून एकाच फिगरला तीन वेगळ्या पायऱ्या लावा: सुटी, सगळ्या शस्त्रांसकट, आणि मूळ वेष्टनाच्या कार्डवर न उघडलेली. एकच पायरी लावलेली यादी दिसली की मी पुढे वाचत नाही.

फनस्कूलमध्ये आणखी एक पेच. एकाच सैनिकाच्या रंगछटा बदलत राहायच्या. परदेशातले संग्राहक त्या छटांमागे लागतात आणि आपण त्यांना 'रंग उडालेला' म्हणून टाकून देतो.

वही

साधं काम, पण नेटाने करावं लागतं. सहा महिने ती फिगर किती वेळा *विकली गेली* ते लिहा. नुसती विक्रीला लावलेली मोजू नका. एकच नग तीन जण तीन ठिकाणी लावतात. तोच फोटो पुन्हा दिसला तर सोडून द्या. फर्स्ट कॉपी मोजायची नाही. लबुबूच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, 'लाफुफू' नावाने तिच्या नकलांनी बाजार भरलाय.

माझ्या पायऱ्या पाच. सहा महिन्यांत वीसच्या वर विकली गेली तर 'ढिगाने'. सहा ते वीस, 'शोधली की मिळते'. दोन ते पाच, 'वाट बघा'. एकदाच, 'ओळखीतून'. एकदाही नाही, 'फोटोतच'. आकडे तुमच्या छंदाप्रमाणे बदला, पण एकदा ठरवले की मध्येच सैल करू नका, विशेषतः फिगर स्वतःची असेल तेव्हा.

पायरीशेजारी गाव आणि महिना लिहा. पुण्यातली 'ढिगाने' अमेरिकेत 'ओळखीतून' असू शकते.

किंमतीचा रकाना या वहीत नको. किंमत मागणीवर चढते. पाच जणांनाच हवी असलेली 'फोटोतच' फिगर दोनशे रुपयांत सुटते, आणि ढिगाने असलेली लोकप्रिय फिगर हजारात जाते. किंमत बघून पायरी लावलीत तर पुन्हा त्या स्टॉलवाल्याचंच ऐकल्यासारखं झालं.

आणि पेन्सिलीने लिहा. कुणाच्या तरी बंद पडलेल्या खेळण्यांच्या दुकानाच्या माळ्यावर एक न फोडलेला केस असतोच. मागच्या दिवाळीत असाच एक निघाला, आणि माझ्या वहीतली एक 'फोटोतच' एका दुपारीत 'वाट बघा'वर आली. त्यातली एक मी घेतली, चारशे रुपयांना.