मार्केटिंग ऑटोमेशन टूल निवडण्याचं काम अंगावर आलं तर

मार्केटिंग ऑपरेशन्समध्ये नवीन आलेल्या माणसाकडे मार्केटिंग ऑटोमेशन टूल, म्हणजे ठरवलेल्या अटींप्रमाणे मेल वगैरे आपोआप पाठवणारं सॉफ्टवेअर, निवडण्याचं काम लवकरच येतं: "तीन-चार टूल्स बघ आणि तक्ता करून दे." मग हबस्पॉट, मार्केटो, ॲक्टिव्हकॅम्पेन, ब्रेव्हो असे रकाने आखले जातात, खाली ईमेल, फॉर्म, लँडिंग पेज, लीड स्कोअरिंग (संभाव्य ग्राहकाला गुण देणं), आणि जवळपास सगळीकडे बरोबरची खूण. या तक्त्यावरून काहीच ठरत नाही. वरवरची कामं सगळीच टूल्स करतात.

मी डेमोला आमचीच एक कॅम्पेन घेऊन जातो. वेबिनारला नाव नोंदवलं पण आला नाही, अशाला दोन दिवसांनी रेकॉर्डिंग पाठवायचं. त्याने दरांचं पान उघडलं तर सेल्सकडे टास्क गेला पाहिजे. आणि तो आधीच ग्राहक असेल, तर यातलं काहीही व्हायला नको. "हे आमच्यासमोर बांधून दाखवा," एवढंच म्हणायचं.

खरी परीक्षा त्या शेवटच्या अटीची असते. 'ग्राहक आहे' ही नोंद सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती टूलपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? त्या मधल्या वेळात सुटलेला मेल परत घेता येत नाही, आणि कालच पैसे भरलेल्या माणसाला 'एकदा वापरून बघा' असा मेल जातो. एकाच फील्डमध्ये दोन्हीकडे बदल झाला तर कुणाचं खरं धरायचं, हेही तिथेच विचारून घ्या. "आमचं इंटिग्रेशन आहे" हे उत्तर पुरेसं नाही. डेमोतला डेटा धुतल्या तांदळासारखा असतो. ट्रायलमध्ये मात्र डुप्लिकेट आणि अर्धवट नोंदी असलेली यादी टाका, खरी नावं-पत्ते बदलून.

दरांची तुलना सरळ होत नाही, कारण प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. हबस्पॉट मार्केटिंगसाठी निवडलेले काँटॅक्ट मोजतं, ब्रेव्होचा भर पाठवलेल्या ईमेलच्या संख्येवर असतो, तर मेलचिंपमध्ये अनसबस्क्राइब केलेलेही अर्काइव्ह करेपर्यंत मोजले जातात. आजच्या यादीवर आणि दुप्पट यादीवर, असे दोन हिशेब मांडा. स्वस्त-महाग हा क्रम कधीकधी तिथेच उलटतो. ऑनबोर्डिंगची फी वेगळी विचारा.

ओपन रेटच्या, म्हणजे किती टक्के मेल उघडले गेले याच्या, बढाया सोडून द्या. २०२१ मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणल्यापासून ॲपल मेल वापरणाऱ्यांनी न उघडलेले मेलही उघडलेले दिसू शकतात. त्यापेक्षा फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना घातलेल्या अटींबद्दल विचारा: एका क्लिकवर अनसबस्क्राइब आपोआप लागतं का, डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनवरून आला हे पटवणारी डिजिटल सही) आपल्या डोमेनवर बसवता येतं का.

जुने रिव्ह्यू वाचताना नावांचा गोंधळ होईल. पार्डॉट हे असंच एक टूल २०१३ मध्ये त्याची मालक कंपनी एक्झॅक्टटार्गेटबरोबर सेल्सफोर्सकडे आलं आणि २०२२ मध्ये त्याचं नाव मार्केटिंग क्लाउड अकाउंट एंगेजमेंट झालं (बोलताना सगळे पार्डॉटच म्हणतात). मार्केटो २०१८ पासून ॲडोबीचं. रिव्ह्यूंपैकी तीन ताऱ्यांवाले आधी वाचा. तक्रार नेमकी कुठल्या कामाची आहे ते त्यांत सापडतं.

सही करण्याआधी एकच विचारा: उद्या सोडून जायचं झालं तर काय काय बरोबर नेता येईल? काँटॅक्ट सीएसव्हीत निघतात. वर्कफ्लो (कुठल्या अटीवर काय पाठवायचं याची मांडणी) बहुधा नव्या टूलमध्ये हातानेच पुन्हा बांधावे लागतात, आणि कोणी कधी काय क्लिक केलं हा इतिहास किती निघेल ते लेखी घ्या.