जुनी पिकअप घेताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

जुनी पिकअप बघायला गेलं की हात आधी बॉनेटकडे जातो. माझाही जायचा. आता मी टॉर्च घेऊन आधी गाडीखाली आडवा होतो. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं, पण कुजलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) सगळी गाडी घेऊन बसते. पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) चासीला जिथे टांगलेले असतात ते ब्रॅकेट आणि मागच्या चाकांवरची जागा नीट बघा, कारण चिखल तिथेच साठतो आणि ओल धरून ठेवतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द वाजलं किंवा पापुद्रे गळले तर टोक खुपसून बघा, आणि टोक आत गेलं तर नमस्कार करून निघा. गाडी जुनी आणि काळा रंग फक्त चासीलाच ताजा, हेही लक्षण बरं नाही. पत्र्यावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. चिकटत नाही तिथे बहुतेक पुट्टी भरलेली असते.

दुसरी चूक म्हणजे गरम इंजिनावर भुलणं. "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली," असं एका मालकाने मला प्रेमाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारातून धक्का मारल्याशिवाय हलेना. आता बॉनेटला हात लावून गरम लागलं, तर मी परत कधीतरी येतो. गार इंजिन सुरू करून धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा) संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखालची दुधी साय, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण, मात्र फसवते. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ती येते, म्हणून डिपस्टिकवरचं ऑइलही बघा.

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. बाजूचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे टायर २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय.

गाडी घरी आली की सगळ्यांना रंगाची घाई होते. मी हौदा आधी रंगवला आणि नंतर खालून वेल्डिंग केलं. वरचा रंग फोड येऊन सोलला. पहिला मान ब्रेकचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की ही मर्यादा बरीच खाली येते. मग माल भरून उतारावर आलात की ऑइल उकळून पेडल पायाखाली बसतं.

ब्रेक सोडला तरी एकच पुढचं चाक धरतंय आणि तापतंय? लोक लगेच कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदलतात. आधी चाक उचला, स्टँड लावा (नुसत्या जॅकवर कधीच नाही), ब्रेक दाबून सोडा आणि ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करा. चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, म्हणजे बहुधा ब्रेक ऑइलची रबरी नळी (होज) आतून फुगलीय. तरीही जाम असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या पिना बघा.

माल जास्त भरता यावा म्हणून मागे एक पाटा वाढवायची हौस अनेकांना असते. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा वॉल्व्ह असतो. गाडी मागून उचलली गेली की त्याला हौदा रिकामा वाटतो आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटा वाढवलाच, तर वॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्या.

आणि किल्ली फिरवल्यावर नुसतं टकटक झालं, तर नवी बॅटरी आणायला धावू नका. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची वायर खराब आहे. मी ही वायर सापडायच्या आधी नवा स्टार्टर बसवून मोकळा झालो होतो. जुना अजून फळीवर आहे, एकदम चालू.